निजामाचे तिकीट की इंग्रजांचे? मराठवाड्यातली जुनी पाकिटे वाचताना

अंबाजोगाईच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, जुन्या वाड्याची आवराआवर करताना लाकडी पेटीत पत्रांचे एक बंडल सापडले. काही पाकिटांवर उर्दू अक्षरांची तिकिटे आहेत, काहींवर जॉर्ज बादशहाचा चेहरा आहे, आणि एकावर दोन्ही तिकिटे शेजारीशेजारी चिकटवली आहेत. शिक्के उर्दूत आहेत, त्यामुळे साल कळत नाही. पत्रे मोडीत आहेत. आमच्या गावात पोस्ट नक्की कोणाचे होते? तारीख कशी काढायची? आणि तिकिटे भिजवून काढून अल्बममध्ये लावली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरणार नाही. तिकिटे काढू नका. एकही नाही. पाकीट आहे तसे राहू द्या, बंडलातला क्रमही मोडू नका. कारण पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारले आहे पोस्ट कोणाचे, पण तुमच्या हातातला खरा प्रश्न वेगळा आहे: हे पत्र कुठून निघाले, कोणाच्या थैलीतून कुठवर गेले आणि कुठे एका सरकारच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पडले? मराठवाड्यापुरते सांगायचे तर पोस्ट 'निजामाचे की इंग्रजांचे' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. दोन्ही होती, आणि बराच काळ शेजारीशेजारी होती.

हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पहिले तिकीट 1869 मध्ये काढले, एक आण्याचे. पहिले सालारजंग दिवाण असतानाचा तो काळ. महसूल, न्याय, जिल्ह्यांची रचना या सगळ्याची घडी ते नव्याने बसवत होते, आणि टपाल त्याच कामाचा भाग होते. पुढच्या वर्षी अर्ध्या आण्याचे आणि दोन आण्यांचे तिकीट आले. 1871 पासून अर्ध्या आण्यापासून बारा आण्यांपर्यंतची मालिका सुरू झाली आणि तोच साचा पुढे तीसपस्तीस वर्षे चालला. त्याआधी टपाल नव्हते असे मुळीच नाही. हरकारे होते, सरकारी डाक होती, सावकारांची आपापली माणसे होती. पण सामान्य माणसाने तिकीट विकत घ्यावे, चिकटवावे आणि पत्र पेटीत टाकावे ही सोय तेव्हापासूनची.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तुमचा निम्मा गुंता तिथेच सुटेल. टपालाच्या बाबतीत संस्थाने दोन प्रकारची होती. ग्वाल्हेर, पतियाळा, जिंद, नाभा, चंबा, फरीदकोट यांनी इंग्रज सरकारशी करार केला होता. त्यांची तिकिटे म्हणजे इंग्रजी तिकिटावर संस्थानाचे नाव छापलेले, आणि ती हिंदुस्थानात इतरत्रही चालत. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, जयपूर यांनी पूर्णपणे स्वतःची तिकिटे काढली. ही तिकिटे फक्त संस्थानाच्या हद्दीत चालत. अंबाजोगाईहून परभणीला पत्र पाठवायचे तर निजामाचे तिकीट पुरेसे होते. तेच पत्र पुण्याला, सोलापूरला किंवा अहमदनगरला पाठवायचे तर ते तिकीट हद्दीपलीकडे निरुपयोगी. आणि मराठवाड्याची सोयरीक, व्यापार, शिक्षण हे सगळे तर हद्दीपलीकडे पसरलेले! परांड्याची माणसे बार्शीला बाजाराला जात, वैजापूरची माणसे नगर-नाशिककडे जात, बीडचे विद्यार्थी पुण्याला शिकत. मराठवाड्यातल्या पेट्यांमधून दोन्ही तिकिटांची पाकिटे इतकी मिळतात ती यामुळे.

मग इंग्रजांचे पोस्ट आपल्याकडे आले कुठून? मुख्यतः छावण्यांमुळे. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली जी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, तिची ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद इथे होती. मोमिनाबाद म्हणजे तुमचे अंबाजोगाई, त्यामुळे शिक्क्यावर 'अंबाजोगाई' शोधत बसू नका. साहेब लोकांची पत्रे मुंबई-मद्रासला आणि तिथून विलायतेला जायची, म्हणून छावणीच्या गावांत इंग्रज पोस्ट आले. पुढे रेल्वे आली, तशी स्टेशनांच्या आधाराने त्या पोस्टाची जाळी वाढली. 1903 मध्ये कंटिंजंट फौज हिंदी लष्करात विलीन झाली, पण पोस्टाचा दुहेरीपणा तसाच राहिला. छावणीच्या आणि रेल्वेच्या गावातल्या माणसाला निवड होती, आडगावच्या माणसाला नव्हती. केज, धारूर, पाटोदा, गेवराई अशा गावांत निजामाच्या टपालावरच भिस्त.

तुमच्या दोन तिकिटांच्या पाकिटाचे कोडे बहुधा याच जागी सुटते. गावात निजामाचे पोस्ट, पत्र जायचे इंग्रज मुलखात. संस्थानातल्या प्रवासासाठी निजामाचे तिकीट, हद्दीपुढच्या प्रवासासाठी इंग्रजांचे. 'बहुधा' म्हणतो, कारण खात्री तिकिटांवरून होत नाही, शिक्क्यांवरून होते. निजामाच्या तिकिटावर उर्दू शिक्का आणि जॉर्जच्या तिकिटावर इंग्रजी शिक्का असेल, तर ते पत्र खरोखर दोन्ही टपालांतून गेले. दोन्ही तिकिटांवर एकच शिक्का असेल किंवा एक तिकीट कोरेच राहिले असेल, तर वेगळा विचार करावा लागेल. पाठविणाऱ्याने नेमकी पद्धत माहीत नसल्यामुळे दोन्ही लावली असतील, किंवा एक तिकीट मागाहून कोणी चिकटवले असेल. विक्रीसाठी असले उद्योग होतात, घरच्या पेटीत सहसा नाही.

उलट दिशेने, म्हणजे पुण्याहून तुमच्याकडे आलेल्या पत्रांवर जॉर्जचे तिकीट असणे स्वाभाविक आहे. त्यावर शाईने किंवा पेन्सिलीने एखादा आकडा लिहिलेला दिसला तर तो पुसट आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायच्या पैशाची ती नोंद असू शकते. अपुऱ्या तिकिटाचे किंवा बिनतिकिटाचे पत्र बैरंग ठरे आणि पोचल्यावर पैसे भरून सोडवावे लागे. इंग्रज टपालात बैरंगाला दुप्पट आकार होता. हिशेबात आणखी एक अडचण चलनाची. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार, आणि ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. पाकिटाच्या मागे 'कलदार' असा शब्द आणि आकडा दिसला तर तो कोणत्या टपालाचा हिशेब आहे हे आपोआप कळते. जुन्या व्यापाऱ्यांच्या पत्रांत असे बारकावे फार छान सापडतात.

आता तारीख. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण लोक इथेच हात टेकतात, आणि खरे तर हे काम एका संध्याकाळी शिकण्यासारखे आहे.

निजामाच्या शिक्क्यांवरचे साल बहुतेक वेळा फसली, म्हणजे संस्थानाच्या महसुली कारभाराचे असते. 1340, 1350 असे आकडे दिसले की काही जण त्यांना हिजरी समजतात आणि सुमारे नऊ वर्षांनी चुकतात. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजर महिन्याने सुरू होत असे. नंतरचे महिने दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि आबान. आजर ते बहमन, म्हणजे साधारण डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर फसली सालात 590 मिळवा. त्यापुढच्या महिन्यांना 591 मिळवा. समजा शिक्क्यावर इस्फंदार 1350 आहे. इस्फंदार म्हणजे जानेवारीच्या आसपास, म्हणून 1350 अधिक 591, म्हणजे 1941 चा जानेवारी. बहमन महिना थोडा जानेवारीत शिरतो, तिथे दिवसाचा आकडा पाहून ठरवावे लागते. हे गणित विसाव्या शतकातल्या शिक्क्यांना बिनधास्त लावा. सालारजंगांच्या काळातल्या शिक्क्यांना लावताना मात्र सावध राहा. वर्षारंभाची पद्धत पुढे बदलली, शिवाय जुन्या कागदांवर हिजरी सालही येते.

आकडे उर्दू असले तरी डावीकडून उजवीकडेच वाचायचे. अक्षरे उजवीकडून म्हणून आकडेही उलटे वाचले की सगळे चुकते. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि शिक्क्याची शाई कमी लागली तर तो दिसतही नाही. सात म्हणजे वर उघडे टोक, आठ म्हणजे तेच उलटे, खाली उघडे. दोन आणि तीन यांत फरक दात्यांचा: दोनला एक खाच, तीनला दोन. पाच वाटोळा असतो, आणि पुसट शिक्क्यात तो शून्याच्या ठिपक्यापेक्षा ठळक दिसतो यावरून ओळखावा. भिंगाखाली, खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहा. मोबाईलवर फोटो काढून रंगांचा फरक वाढवला तर पुसट शिक्केही उठून येतात. मी अलीकडे भिंगापेक्षा तेच जास्त वापरतो.

शिक्का अगदीच वाचला जात नसेल तर तिकिटाकडे वळा. तिकिटावरून नेमकी तारीख मिळत नाही, पण 'याच्या आधीचे असूच शकत नाही' एवढे ठाम सांगता येते. हैदराबादच्या तिकिटांवर निजामाचे चित्र कधीच आले नाही, त्यामुळे राजाच्या चेहऱ्यावरून काळ ठरवायची सोय नाही. 1931 पर्यंतची तिकिटे अक्षरांची आणि नक्षीची. काहींवर उर्दू शब्द 'सरकारी' वरून छापलेला दिसेल. ती कचेरीच्या कामकाजाची तिकिटे, 1873 पासून चालू होती. पाटील-कुलकर्ण्यांच्या, देशमुखांच्या घरांत तहसिलीतून आलेल्या अशा पाकिटांची थप्पी असते. तिकिटावर 'एच. ई. एच.' (हिज एक्झाल्टेड हायनेस) ही इंग्रजी आद्याक्षरे असतील तर ते 1918 नंतरचे, कारण निजामाला तो किताब त्या साली मिळाला.

1931 मध्ये चित्रांची मालिका आली आणि ती मला मराठवाड्याचा माणूस म्हणून फार जवळची वाटते. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हैदराबादचे न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा. पण आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार! संस्थानाच्या सगळ्यात मोठ्या किमतीच्या तिकिटावर आपल्या भागाची वास्तू. नीट पाहिलेत तर त्या तिकिटांवर देवनागरीही दिसेल. निजामाच्या तिकिटावर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार लिपींना जागा होती. शाळेत, कचेरीत उर्दूचा आग्रह होता, मराठी शाळांसाठी लोकांना झगडावे लागत होते, आणि त्याच राज्याच्या तिकिटावर मात्र किंमत मराठीत छापलेली होती, कारण तिकीट विकत घेणारा माणूस मराठी होता. मला या तपशिलाचे मोल तिकिटाच्या बाजारभावापेक्षा जास्त वाटते.

पुढच्या खुणा थोडक्यात. 1937 मध्ये राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची चार तिकिटे आली, त्यांत उस्मानिया विद्यापीठ आणि उस्मानिया रुग्णालय आहे. 1945 चे निळे एक आण्याचे तिकीट युद्धसमाप्तीचे, त्यावर घरी परतणारा सैनिक. अगदी शेवटी गोवळकोंड्याचा किल्ला, वरंगळची काकतीय कमान आणि हैदराबादचे वीजघर.

बंडलात 1947 ते 1950 मधली पत्रे असतील तर ती वेगळी काढा आणि जास्त जपा. त्या तीन वर्षांत आपल्याकडे टपालाचे जे झाले ते महाराष्ट्राच्या इतर भागांत घडले नाही. पुण्याहून येणाऱ्या पाकिटावर 1947 च्या अखेरीपासून स्वतंत्र भारताची, 'जय हिंद' लिहिलेली तिकिटे दिसू लागली, आणि अंबाजोगाईहून परभणीला जाणाऱ्या पाकिटावर अजून निजामाचेच तिकीट. सरहद्दीवर, बार्शी, मनमाड, उमरखेड अशा ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, आत रझाकारांची दहशत होती. नाजूक मजकूर त्या काळात लोक पोस्टात टाकत नसत, जाणाऱ्या माणसाच्या हाती देत. म्हणून तुमच्या पेटीत तिकीटच नसलेले, नुसते घडी घातलेले पत्र त्या काळातले निघाले तर ते बिनमहत्त्वाचे समजून बाजूला टाकू नका. ते हातोहात पोचलेले असू शकते.

याच काळाबद्दल एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, मग 1949 च्या पत्रावर निजामाचे तिकीट कसे? पाकीट खोटे आहे का? नाही, खोटे नाही. राज्य गेले तरी संस्थानाचा टपाल विभाग लगेच मोडला नाही. तिकिटांचा साठा होता, कर्मचारी होते, लष्करी प्रशासनाखाली टपाल चालू राहिले. 1 एप्रिल 1950 ला संस्थानाचे टपाल भारतीय टपाल खात्यात मिसळले. तोपर्यंत, म्हणजे मुक्तीनंतर दीड वर्ष, निजामाची तिकिटे वापरात होती. हाली रुपया तर त्यानंतरही काही वर्षे टिकला. याच सुमारास, ऑगस्ट 1949 मध्ये, भारत सरकारने पुरातत्त्वाची मालिका काढली आणि तिच्या तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती आला. तुमच्या बंडलात निजामाचा अजिंठा आणि भारताचा अजिंठा दोन्ही असले तर ती जोडी एकत्र ठेवा.

पत्र किती दिवसांत पोचले हेही काढता येते. पुढच्या बाजूला पाठविल्याचा शिक्का, मागच्या बाजूला पोचल्याचा. दोन्ही वाचता आले की फरक मिळतो. तो फरक कशामुळे, हे गावावर आणि काळावर अवलंबून आहे. मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे 1900 च्या सुमारास झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड एका दोरीत आले. लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 मध्ये पोचली, त्यामुळे लातूरची मुंबईकडची पत्रे कुर्डुवाडीवरून जाऊ लागली. हिंगोली 1912 मध्ये पूर्णेशी जोडली गेली. परळीला रेल्वे 1930 च्या आसपास. त्याआधीचे अंबाजोगाईचे पत्र म्हणजे हरकाऱ्याची चाल किंवा टांगा-बैलगाडी, आणि पावसाळ्यात गोदावरी, मांजरा दुथडी भरल्या की थैली काठावर थांबलेली. आषाढ-श्रावणातल्या पत्रांना जास्त दिवस लागलेले दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका. रेल्वे आल्यावर तेच अंतर किती दिवसांवर आले हे तुमच्या बंडलावरूनच ताडून पाहता येईल.

आता तिकीट का काढायचे नाही ते सांगतो. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडलेला असतो. तिकीट काढले की शिक्का दुभंगतो, आणि गाव, तारीख, मार्ग हे तिन्ही पुरावे एकदम जातात. उरते काय, तर वापरलेले एक सुटे तिकीट. पाव आणा, अर्धा आणा, चार पै, आठ पै ही तिकिटे प्रचंड प्रमाणात छापली गेली आणि आजही कुठेही मिळतात. त्याच साध्या तिकिटाचे पाकीट, एखाद्या लहान गावाच्या स्वच्छ शिक्क्यासह, अभ्यासकाला हवे असते आणि संग्राहक त्याला वेगळी किंमत देतात. किंमत किती हे फोटो न पाहता मी सांगणार नाही, कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. फार जुनी, 1869-70 ची तिकिटे दिसली तरी लगेच हरखू नका. त्यांची 1880 मध्ये पुन्हा छपाई झाली होती. मूळ तिकिटांची दातेरी कड दोन सेंटिमीटरला साडेअकरा दात्यांची, पुनर्मुद्रणाची साडेबारा. मोजपट्टी लावल्याशिवाय फरक कळत नाही. मात्र शिक्क्यासह पाकिटावरच असेल तर शंका बरीच कमी होते. पाकिटावरून तिकीट न काढण्याचे हे आणखी एक कारण.

जपण्याबद्दल: सेलोटेप नको, फेविकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. पिना, टाचण्या गंजलेल्या असतील तर हलक्या हाताने काढा. घडी घातलेले पत्र कडक झाले असेल तर दमट हवेच्या दिवशी सावकाश उघडा, उन्हात ठेवून नाही. प्रत्येक पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कागदावर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि मगच बंडलातला क्रम हलवा. आतले मोडी पत्र आणि त्याचे पाकीट यांची ताटातूट होऊ देऊ नका. पत्रात शके, महिना आणि तिथी असते, पाकिटावर फसली तारीख असते, आणि इंग्रज शिक्का असेल तर इसवी सन. तीन कालगणना एकमेकींना ताडून पाहता येतात. एखादी वाचनात चुकली तर दुसरी ती पकडते.

पत्त्यातली जिल्ह्यांची नावे आजच्या नकाशावर लावू नका. जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते, लातूर उस्मानाबादेत, हिंगोली परभणीत. उदगीर आणि निलंगा बीदर जिल्ह्यात, ते 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आपल्याकडे आले. उस्मानाबाद जिल्ह्याला त्याआधी नळदुर्ग जिल्हा म्हणत. गावात निजामाचे पोस्ट कोणत्या साली उघडले याचा कागद हवा असेल तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात शोधावे लागेल. संस्थानाचे मूळ दप्तर तिथे आहे. जाताना गावाचे जुने नाव, तालुका आणि फसली साल लिहून न्या, तिथली दप्तरे त्याच हिशेबाने लावलेली आहेत. उर्दू शिकस्ता, म्हणजे घाईत लिहिलेले मोडके वळण, वाचणारा कोणी बरोबर असेल तर दोन दिवसांचे काम अर्ध्या दिवसात होते.